चिखल वाहून गेल्यावर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सेनिक समुद्रात होता. डावा हात होडीच्या काठाला, डोकं पाण्याखाली. होडीत त्याचा जावई रोस्दी इंजिन बंद करून बसलेला, आणि जाळं ओढणारा गडी लोकमान जाळ्यापाशी. सेतिऊच्या किनाऱ्यावर ऐकणारा माणूस पाण्यात असताना होडीत कुणी खोकतही नाही.

गेलामा मासे थव्यानं ओरडतात. तो आवाज कुठून येतोय हे ओळखून सेनिक हात दाखवतो, तिकडे जाळं पडतं. हयात यातच गेली. पण यंदाची वादळं सरल्यापासून जाळं रिकामं येत होतं. लोकमाननं कालच सांगितलं होतं, आज काही मिळालं नाही तर तो ट्रॉलरवर कामाला जाणार. आणि हे जाळं दोघांना ओढवत नाही.

सेनिकनं उत्तरेकडे हात केला. जाळ्यात दोन खेकडे आले.

"पोक, आज खेकड्यांशी गप्पा मारल्यात वाटतं," लोकमान म्हणाला. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला पोक म्हणतात.

रोस्दी सासऱ्याला कान तपासून घ्या म्हणून महिनाभर सांगत होता. सेनिकनं आता त्यालाच पाण्यात उतरवलं. रोस्दी धाप टाकत वर आला.

"सगळीकडून येतंय, बाबा. खालूनसुद्धा."

सेनिकलाही तसंच ऐकू आलं होतं. म्हणजे कान शाबूत होते. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग जागा बदलायला नांगर उचलला. या पट्ट्यात नांगराला नेहमी काळा चिखल यायचा. आज फुटके शिंपले अडकून आले. वादळांनी चिखल वाहून नेला होता. मऊ चिखल आवाज गिळतो, म्हणून माशाची हाक सरळ कानाशी यायची. उथळ पाण्यात, या खडबडीत तळावर तीच हाक आपटून दाही दिशांना विखुरत होती.

"कान गेले असते तर परवडलं असतं," सेनिक म्हणाला. "तुझे कान तयार केले असते."

मग तो नवनव्या जागी उतरत राहिला. सगळीकडे तेच. ओठ निळे पडले तरी म्हणे, अजून एकदा. शेवटी तो पाण्याखाली असतानाच रोस्दीनं इंजिन सुरू केलं. सेनिक वर आला, होडीत चढला.

ट्रॉलर उद्या सकाळी साडेपाचला धक्क्यावरून सुटतो. लोकमान आणि रोस्दी त्यावर बर्फ चढवायला पाच वाजता जाणार आहेत.