दोन दोऱ्या

बुचाचा वास आला की बुचाच्या मुठीची ती गळाची काठी आठवते. नव्वदच्या सुमारास, वडिलांशी कित्येक वर्षं अबोला धरलेल्या काकांनी ती परदेशातून आमच्या सिल्वासाच्या घरी पाठवली होती. सोबत दोन दोऱ्या, एक हलकी, एक जड. हलकी लांब जाईल, म्हणून मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी तीच लावली. दुधनीच्या जलाशयाच्या काठावर ती दर वेळी पायाशीच पडायची. "पाठवायला कुणी सांगितलं होतं!" वडील करवादले. शेजारी जाळं सुकवणाऱ्या म्हाताऱ्याने काठी हळूच वाकवून पाहिली. "मास्तर, काठी भारी ताठ आहे. हलक्या दोरीनं वाकायची नाय. वजन द्या तिला." जड दोरी लावली, तशी काठी वाकली आणि दोरी सरळ दूरवर गेली. मासा काही लागला नाही, पण घरी येताच वडिलांनी काकांना पत्र लिहिलं; सगळं दोरीबद्दलच. आता ती काठी माझ्याकडे आहे, आणि कित्येक वर्षं न लावलेला माझ्या भावाचा फोन नंबरही.