आमच्या मापाची स्की

हिवाळ्यातल्या सकाळची वाळू तुम्ही कधी अनवाणी तळपायांनी अनुभवली आहे का? वरचा थर दवाने गारठलेला, किंचित घट्ट. आणि पाऊल जरा आत रुतलं की आदल्या दिवसाच्या उन्हाची ऊब अजून तिथे मुक्कामाला. टेकाडाच्या माथ्यावरून काही घसरत आलं, की ती वाळू एक दीर्घ, मृदू ‘सर्रर्र’ असा आवाज करते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर, ज्या वयात शहाणी माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात, मी पायांना लाकडी पट्ट्या बांधून त्या आवाजाच्या नादी लागलो होतो.

आज माझी पतवंडं मॉलमधल्या काचेआडच्या बर्फावर घसरायला जातात. वाळूवर कधी स्कीइंग होत नसतं, असं ती मला इंग्रजीतून समजावतात. मी मान डोलावतो. जिथे ती वाळूची टेकाडं होती, दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीच्या त्या बाजूला, आता उंच इमारती आणि सहापदरी रस्ते आहेत. पुरावा म्हणून दाखवायला एक टेकाडसुद्धा कुणी मागे ठेवलं नाही!

एकोणीसशे साठचं दशक होतं ते. हा देश अजून देश व्हायचा होता. मोठी बोट दूर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची, माल बार्जमधून खाडीत यायचा आणि तो उतरवून घेण्याच्या कामावर मी होतो. आम्ही जयगडच्या खाडीकाठचे. आमच्या घराण्यात पुरुषाने आखातात राबायचं आणि बायकोने गावी घर सांभाळायचं, हा जणू निसर्गनियमच. दोन वर्षांनी एकदा रजा, रजेत पाहुणे, जेवणावळी, भेटीगाठी, आणि पुन्हा बोट. जुलेखाशी माझा संसार असा हप्त्याहप्त्याने झाला. लेकीचं लग्न उरकलं, माझी अम्माही अल्लाघरी गेली, तेव्हा गावच्या रिकाम्या घराला कुलूप घालून जुलेखा एका हिवाळ्यापुरती दुबईला आली. परतीचं तिकीट तिने येतानाच काढून आणलं होतं.

तिने राहावं, कायमचं राहावं, एवढंच मला हवं होतं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने? ती दिवसभर खिडकीशी बसायची, माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने बोलायची, आणि हसायची मुळीच नाही. सहवास म्हणजे काय, हे ज्यांना कधी मिळालंच नाही, त्यांनी तो मागायचा तरी कसा?

याच सुमारास खाडीतला गाळ उपसण्याच्या कामावर आलेल्या एरिक नावाच्या नॉर्वेजियन इंजिनियरशी माझी ओळख वाढली. बर्फाच्या देशातून आलेला हा लालबुंद गृहस्थ दर शुक्रवारी लँडरोव्हरमध्ये स्कीच्या दोन जोड्या घालून वाळवंटात जायचा. लांब जोडी त्याची, आखूड त्याच्या बायकोची. ती बिचारी पहिल्याच उन्हाळ्यात मायदेशी परतली होती. तिची जोडी मात्र तो दर शुक्रवारी न चुकता गाडीत ठेवायचा. एकदा त्याने मलाही बोलावलं. घरातली ती अदबशीर शांतता टाळायची म्हणून मी निघालो, आणि काय मनात आलं कोण जाणे, जुलेखाही बुरखा घालून गाडीत येऊन बसली.

एरिकने मला पाहताक्षणी आखूड जोडी पुढे केली. स्की कशी निवडावी याचं शास्त्र त्याने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं: तरुण, तरबेज माणसाने हात वर करावा, मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब घ्यावी, वय झालेल्या नवशिक्याने मात्र आपल्या डोक्यापेक्षा उंच स्कीच्या वाटेलाच जाऊ नये. लांब स्कीला वेग फार, आणि ती वळता वळत नाही. पण बायकोच्या देखत मी बाईमाणसाची स्की बांधू? मी लांब जोडी घेतली, आणि त्या दिवशी इतक्या वेळा आपटलो की जमिनीशी माझं सोयरिकीचं नातं जडलं.

पुढच्या शुक्रवारी मी अक्कल चालवली. आम्ही पिढीजात पडाववाले, होड्या हाकणारे. पाण्यातून सुळकन जायचं तर होडीच्या बुडाला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल चोळावं, हे आमच्या रक्तात. खाडीवरच्या एका नाखव्याकडून मी डबाभर तेल आणलं आणि एरिक माथ्यावर गेलेला पाहून स्कीच्या तळांना सढळ हाताने चोपडलं. पाऊल टाकलं, आणि जागचा हललो नाही! सगळं टेकाड तळांना येऊन चिकटलं होतं. वास तर असा की एरिक वरूनच नाक धरून ओरडू लागला. वाळूला तेल चालत नाही, कोरडं मेण घासून फडक्याने लखलखीत करायचं असतं, हे त्याने मला मागाहून शिकवलं.

पण त्याआधी मला दुसरंच काही ऐकू आलं. लँडरोव्हरच्या सावलीत चटईवर बसलेली जुलेखा हसत होती. बुरख्याचा पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखी स्की तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. हसू ओसरल्यावर ती उठली, आखूड जोडी घेऊन माझ्याजवळ आली आणि एक पट्टी माझ्या शेजारी उभी धरली. टोक बरोबर माझ्या डोक्याला लागलं. मग तिने तीच पट्टी स्वतःशेजारी धरली. टोक तिच्याही डोक्याला लागलं.

आम्ही दोघं एकाच उंचीचे होतो! लग्नाला वीसहून अधिक वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट आम्हा दोघांना ठाऊक नव्हती. एकमेकांशेजारी इतका वेळ उभं राहायला आम्हाला मिळालंच कधी होतं?  मी निमूटपणे आखूड स्की बांधली आणि त्या दिवशी प्रथमच, वाकडातिकडा का होईना, न पडता पायथ्याशी आलो.

त्यानंतरचे शुक्रवार कसे सरले कळलं नाही. घरात बोलणं सुरू झालं. आठवडाभर मेण, उतार, वारा यांच्या गप्पा. बोटीची वेळ मात्र जवळ येत होती आणि त्याबद्दल दोघंही गप्प होतो. शेवटच्या शुक्रवारी जुलेखाने साडीखाली माझी ऑफिसची जुनी पँट चढवली, बुरखा गाडीत काढून ठेवला आणि एरिकच्या बायकोचे बूट मागून घेतले. एरिक तिच्यापुढे गुडघे टेकून बसला, त्याने आपल्या हाताने आखूड स्कीचे पट्टे आवळले, आणि मग बराच वेळ पाठ फिरवून उभा राहिला.

ती माथ्यावरून निघाली. सरळ, ताठ, साडीचा घोळ फुगलेला, बाण सुटावा तशी; आणि पायथ्याशी येऊन भुईवर पालथी कोसळली. मी जीव मुठीत धरून धावलो. ती उठून बसली, तोंडातली वाळू थुंकली, आणि मी पट्टे सोडायला वाकलो तसा तिने माझा हात बाजूला केला.

“राहू द्या. बोटीचं तिकीट कॅन्सल करून टाका,” ती म्हणाली. “मला अजून वळता येत नाही.”

 ती तिरकी पावलं टाकत पुन्हा चढू लागली होती. ऊन आता वर आलं होतं, वाळूतला गारवा पार निघून गेला होता, आणि मी खाली उभा राहून तिच्या उतरण्याच्या आवाजाची वाट पाहत होतो. आयुष्यभर बोटींची वाट पाहिलेल्या माणसाला, घरच्या माणसाची वाट पाहण्यात एवढं सुख असतं, हे त्या दिवशी कळलं.