आप्पांची हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या आप्पांना, माझ्या वडिलांना, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढीच माझी हिंमत.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात गेम डिझाइन शिकवते. आणि हल्लीच्या गेमवर माझा राग आहे — खराखुरा राग. आमच्या लहानपणीचा गेम संपायचा हो! शेवटचा राक्षस मेला, पडद्यावर नावं आली, की आपण उठून जेवायला मोकळे. आताच्या गेमला शेवटच नाही. रोज या, रोज बक्षीस घ्या, आणि एक दिवस चुकलात तर आजवरचं सगळं शून्य. हा खेळ आहे की नोकरी? वर्गात मी हे तावातावाने बोलते, मुलांनाही आवडतं. मग मी एक उदाहरण देते. एका गेममुळे दोन म्हाताऱ्या मित्रांची सत्तावीस वर्षांची मैत्री कशी तुटली, त्याचं. मुलं लिहून घेतात.

त्या उदाहरणातून एक माणूस मी दर वेळी गाळते.

सांगते. जरा थांबा — सांगते.

त्या दोघांतले एक आप्पा, दुसरे कदमकाका. आधी भोसरीत आणि मग कंपनी हलली तसे चाकणला, दोघं एकाच प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढायच्या खात्यात. आप्पा धाराशिवकडचे, काका चिपळूणचे. त्यांच्या खात्यात उशीर झालेल्याचं कार्ड दुसऱ्याने पंच करायचं, ही सर्रास पद्धत. आप्पांनी ते कधी केलं नाही, स्वतःचंही कुणाला करू दिलं नाही. काकांनासुद्धा नाही. या एका गोष्टीचा त्यांना फार ताठा होता.

रिटायर झाल्यावर आम्ही दिघीला, काका निघोज्याला. भेटी कमी होत गेल्या. मग काकांनीच फोनवरचा एक गेम शोधून काढला. दोघांनी मिळून पूल बांधायचा, रोज प्रत्येकाने एक फळी लावायची. एकानेही चुकवली की अख्खा पूल कोसळणार. कुणी चुकवली, ते गेम सांगत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण संशय राहिला की माणसं जास्त घाबरून खेळतात. दोघं सकाळी सातला, फर्स्ट शिफ्टच्या ठोक्याला, फळी लावायचे. आप्पा त्याला हजेरीच म्हणायचे. "कदम्या आला असंल बघ कामावर," असं म्हणून चहाचा कप उचलायचे. वर्षाच्या वर दिवस झाले होते. मी नाक मुरडायचे.

मग एका पहाटे आप्पांच्या छातीत कळ आली. आयसीयूत फोन चालत नाही. आत नेताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तेवढी माझी हजेरी लाव बरं का. असलं कधी कुणाला सांगितलं न्हाई."

मी हो म्हटलं.

आणि विसरले. औषधं, फॉर्म, नातेवाइकांचे फोन — त्यात राहूनच गेलं. असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून मी तो गेम उघडला होता. फळी समोर होती. बोट टेकवायचं, बस्स. मी नाही टेकवलं.

का? मला वाटलं, तुटू दे एकदा. कळू दे त्यांना की एक दिवस चुकल्याने काही आभाळ कोसळत नाही. सुटतील बिचारे या जाचातून! बाप आत पडलेला, आणि मी त्याच्यावर माझं शिकवणं तपासून बघत होते. त्यात मला मजाही वाटली, हेही लिहायलाच हवं. त्या गेमला हरवल्याची मजा. गेमचा दिवस दुसऱ्या पहाटे साडेपाचला बदलणार होता, म्हणजे वेळ भरपूर होता. संध्याकाळी भेटायला सोडलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "लावली का?" मी म्हटलं, "लावली."

तिसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. त्यांनी फोन मागितला. पूल पडला होता. पैसे भरा आणि पूल पुन्हा उभारा, असं खाली लिहिलं होतं. आप्पांनी ते रागाने बंद केलं. "तू लावली होतीस ना?"

"हो आप्पा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी त्यांची मुलगी होते ना.

त्याच संध्याकाळी काका शहाळी घेऊन आले. आप्पा म्हणाले, "मी हितं पडलो होतो तरी माझी लागली. तुला घरी बसून जमलं न्हाई व्हय?" काका म्हणाले, मी सातच्या ठोक्याला लावली. आप्पा मानेनात. शेवटी काका खाली बघत हळूच म्हणाले, "पोरीची गडबडीत राहिली असेल."

"माझी पोरगी खोटं बोलती व्हय?" आप्पा उठून बसायला लागले, हाताची सुई ओढली गेली, नर्स धावत आली. काका दाराशी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. मी पिशवीत स्ट्रॉ शोधत राहिले.

काका गेले. पुढे निघोजं सोडून चिपळूणला गेले. आप्पा त्यांचं नाव काढू देत नाहीत. सकाळी सातला गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, चहा निवला तरी लक्ष नसतं. त्यांच्या आयुष्यात मित्र म्हणावा असा तो एकच माणूस होता. त्यांनी तो माझ्या खरेपणासाठी सोडला. आणि मी वर्गात सांगते, गेमने सोडायला लावला.

गेल्या महिन्यात काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. आप्पांनी ती बघितली, उलटी ठेवली, आणि जमणार नाही म्हणून कळवायला मला सांगितलं. मी फोन केला. काका म्हणाले, "अजून रागावलेत काय गो?" मी म्हटलं, प्रवास झेपत नाही त्यांना. मग काका म्हणाले, "मी काय कुणाकडे बोललो नाय हो बाय, तुझ्याविषयी. बोलणारपण नाय."

मी थँक्यू म्हटलं. खरंच — थँक्यू म्हटलं.

आत गेले तेव्हा आप्पा दाराकडेच बघत होते. "काय म्हणला का तो?"

मी म्हटलं, "नाही, काहीच नाही."