नऊ नंबरचं टेबल

आमच्या भाऊजींनी माऊस सोडला, तेव्हा कोणी दारू सोडावी तसा बोभाटा केला होता. यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करणारा हा माणूस; कधी पंप, कधी शिवणयंत्र, कधी लिफ्ट. दिवसभर घरीच. कीबोर्डवरून हात उचलला की विचार तुटतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा विचार तुटलेला आम्ही कधी पाहिला नव्हता, पण म्हटलं, तुटत असेल बापडा.

त्यांच्या पडद्यावर ना चित्रं, ना बाण. खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. नवी उघडली की जुन्या खिडक्या बाकावरच्या माणसांसारख्या सरकून जागा देतात. आणि असे पडदे एक सोडून नऊ. भाऊजी त्यांना टेबलं म्हणतात. डाव्या अंगठ्याने एक बटण दाबायचं, सोबत आकडा, की माणूस त्या टेबलावर हजर. एकदा मी हवामान बघायला बसलो. समोर नुसता निळा पडदा. बंद पडलाय असं समजून मी सरळ प्लग काढला. पुढे आठवडाभर भाऊजी माझ्याशी फक्त 'हं' एवढंच बोलले.

ताईचं दुखणं वेगळंच होतं. "मी खोलीत पाऊल टाकलं की ह्यांचा अंगठा हलतो आणि पडदा पालटतो," ती मला सांगायची. "माझ्यापासून लपवण्यासारखं आहे तरी काय?" हसत म्हणायची, पण ते तिला लागलं होतं. त्यांना मात्र कधी विचारलं नाही. उत्तराला भीत होती बिचारी.

मग भाऊजी बाथरूममध्ये घसरले. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा मुक्या माराने सुजलेला, आणि लिफ्टचं पुस्तक त्याच संध्याकाळी पाठवायचं. माझी प्लगची कीर्ती आड आली, म्हणून खुर्चीत ताई बसली.

"शब्दकोश कुठल्या टेबलावर आहे?"

"तीन. नाही, थांब. पाच."

तीनवर टपाल निघालं, पाचवर लिफ्टची आकृती. इतक्या वर्षांत आकडे बोटांनीच पाठ केले होते, तोंडाला पत्ताच नव्हता. शेवटी भाऊजींनी डोळे मिटले आणि प्लास्टरबाहेरची बोटं मांडीवर हलवून बघितली. "दोन!" खरंच दोनवर होता. असं बोटांना विचारत विचारत पुस्तक वेळेत गेलं.

भाऊजींनी हुश्श केलं. ताई मात्र उठेना.

"आणि मी आले की कुठे जाता?"

भाऊजी गडबडले. पण सुजलेल्या उजव्या हाताचं बोट आपोआप वर, कीबोर्डवरच्या नऊच्या दिशेने सरकलं. ताईने ते बरोबर हेरलं आणि नऊ दाबला.

रिकामा पडदा. निळा. ज्याच्यामुळे मी प्लग काढला होता, तोच.

"काय आहे इथे?" ताईने विचारलं.

"काही नाही. तिथे मी कधीच काही ठेवत नाही. समोर काम दिसलं की तुझ्या बोलण्याकडे माझं लक्ष राहत नाही गं."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग ती भडकली. "एवढी वर्षं हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"हं," भाऊजी म्हणाले.

तिने पडदा तसाच राहू दिला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि मला बाहेर जायची खूण केली. "आता ऐका," म्हणाली.