उजेडाचं माप

गडमुडशिंगीत शहात्तर साली लाकडाचं घर बांधलं ते कृष्णातनं. जोतं तेवढं दगडाचं, वर समदं लाकूड, आन् समदं एकट्याच्या हातचं. शाळा चौथीपतोर, काम नांगराचं. पर असला हात अख्ख्या करवीर तालुक्यात दुसरा दावा की कुणीबी!

चावडीवर त्यो सांगून बसलाता, "गावच्या सुताराचं हत्यार लागलं तर घर माझं न्हवं." ऐतवारी आई, बनाबाई, नव्या घरात पाऊल टाकणार व्हती. काम ऱ्हायलं व्हतं एकच. चार खिडक्या, त्येंच्या चौकटी आन् भिंतीच्या फळ्या यांच्यात फट दिसायची. ती झाकायला आतनं फणसाच्या पट्ट्या मारायच्या.

शुक्रवारी पट्ट्या कापून, रंधा मारून, तेल पाजून तयार. पयल्या खिडकीला लावून बघितल्या आन् कृष्णातचं तोंड पडलं. माप घेतलतं खिडकीच्या नुसत्या मोकळ्या जागंचं, उजेड येतो तेवढ्याचं. पट्टीची रुंदी धरलीच नव्हती. चारी कोपऱ्यांत चार बोटांचा चौकोन उघडा! चारी खिडक्यांस्नी तसंच. आन् फणसाचं लाकूड तर संपलेलं.

गावचा सुतार सयाजी वास लागल्यागत नेमका तवाच आला.

"लई उजेड पाडलास की रं कृष्णात!" त्यो दारातनंच हसला. "माप उजेडाचं घेतलंस, लाकडाचं न्हाय. माझी पेटी आणू का? सांजपतोर सांधून देतो."

"पेटी ऱ्हाऊ द्या मामा. पान खावा आन् बसा."

"ऐतवारी आईला भोकं दावणार व्हय?"

"काय दावायचं ते दावतो."

थोरला आण्णा पायरीवरनं गरजला, "सयाजीमामा, भाऊ कुणाचा हाय त्यो! ऐतवारी या जेवायला, हात हालवत या!"

कृष्णात परड्यात गेला. बाच्या बैलगाडीचं मोडकं चाक तिथं पडलं व्हतं. बाभळीचं, लालभडक, दगडागत टणक. करवतीला दोनदा कानस मारायला लागली, तळहाताला फोड आलं. शनवारी दुपारपतोर सोळा चौकोन निघालं, चार बोटांचं. पयला कोपऱ्यात ठेवला, अंगठ्यानं दाबला. खुट्ट! बसला. पिवळ्या पट्ट्या, लाल कोपरं. जसं ठरवूनच केलतं.

ऐतवारी बनाबाई आत आली ती सरळ खिडकीपाशी. कोपऱ्यावर हात फिरवत म्हणाली, "आपल्या गाडीचं न्हवं ह्ये? ह्याच गाडीतनं मी नांदायला आलते."

सयाजीनं सांध्यात नख घालून बघितलं. नख शिरंना. दुसऱ्या खिडकीला बघितलं, तिसऱ्याला बघितलं.

कृष्णात त्येच्या म्होरं खिडकीलाच पाठ लावून उभा ऱ्हायला. "मामा, चार माणसांत सांगा. तुमचं हत्यार लागलं का?"

सयाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"न्हाय लागलं बाबा. आता सर की बाजूला, उजेड अडवलायस."