गच्ची उलटी टांगली

आमच्या ताईने आयुष्यभर छतं शिवली आणि त्यांतल्या एकाही छताखाली माणसं नाचताना तिने पाहिली नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. मला याचा संताप येतो.

छतं म्हणजे मैदानातल्या संगीत महोत्सवाची. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर दरवर्षी तीन दिवस ते इलेक्ट्रॉनिक संगीत चालतं, ज्याला आमचे भावोजी नुसतंच ‘धडधड’ म्हणतात. तिथे स्टेज एक नसतं, चांगली पाच-सहा असतात, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नसतो. मुख्य स्टेज म्हणजे आ वासलेली मगर, डीजे तिच्या जबड्यात उभा राहतो. दुसरं फुटलेल्या जहाजाचं. त्याची शिडं फाटकी दिसावीत म्हणून आम्ही कोरं कापड फाडतो आणि ते वाऱ्याने आणखी फाटू नये म्हणून पुन्हा शिवतो. एक आरशांच्या तुकड्यांचं आहे, आणि एक जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, वर कोळ्याचं जाळं. आयोजक त्यांना एकेक भारदस्त नाव देतात आणि छापतात. आमच्या शेडमध्ये ती मगर, जहाज, आरसे आणि कोळीच.

ताईने सुरुवात केली ती ट्रकच्या ताडपत्र्यांपासून. लग्न झालं तेव्हा भावोजी टेम्पो चालवत, अजूनही चालवतात. त्यांच्या टेम्पोची ताडपत्री फाटली, ती हिने शिवून दिली, आणि ती शिवण पाहून अड्ड्यावरचे सगळे दारात रांग लावून उभे. ताडपत्रीवरून तंबू आले, तंबूवरून मोठे मांडव, आणि एक दिवस व्हिजनराव आमच्या शेडमध्ये शिरले. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण माणूस दर वाक्यात ‘माझं व्हिजन’ म्हणायला लागला की शेडमधल्या बायका त्याला दुसरं काय म्हणणार? महोत्सवाची सगळी स्टेजं त्यांच्या डोक्यातून निघतात आणि आमच्या गुडघ्यांवर येऊन बसतात. एवढं मोठं कापड टेबलावर मावत नाही. ते जमिनीवर पसरायचं आणि आपण त्यावर रांगायचं. ताईचे गुडघे आता जिना चढताना दरवाजासारखे करकरतात.

ताई स्वभावाने कशी आहे म्हणाल तर हट्टी. प्रेमळ वगैरे आहेच, पण आधी हट्टी. तिने मला हाताशी घेतलं तेव्हा माझी पहिली शिवण उसवली, दुसरी उसवली, तिसरीही उसवली, आणि मी रडायला लागले तर म्हणाली, “रड, पण हात थांबवू नकोस.” असल्या बाईबरोबर मी इतकी वर्षं कशी काढली, माझं मला ठाऊक.

तर ते छताखालचं. महोत्सवाचा नियम असा की बांधणारी माणसं दरवाजे उघडण्याआधी मैदानाबाहेर. सुतार, वेल्डर, छतं टांगणारे दोरवाले, आम्ही, सगळे. तीन दिवस संपले की सोडवायला परत आत. मधलं काही आपलं नाही. लोक विचारतात, मग तिकीट काढून का जात नाही? ताईला मीही एकदा विचारलं होतं. तिने कात्री खाली ठेवली.

“मी शिवलेल्या छपराखाली मी तिकीट काढून जाऊ? मग उद्या घरात शिरायलाही पावती घेते.”

झालं. विषय बंद.

एका वर्षी मगर सोडवताना ती दमून खाली गवतावर आडवी झाली. छत अजून वर होतं. मी पाणी घेऊन गेले तर बाई डोळे उघडे ठेवून वर बघतेय.

“हे बघ,” ती म्हणाली. “शिवणीच्या कडा, ठिगळं, खडूचे आकडे. बिचारे तीन दिवस नाचतात, मान मागे टाकतात, आणि त्यांना काय दिसतं? तर आपल्या कामाची पाठ.”

“त्यांचे डोळे मिटलेले असतात,” मी म्हटलं.

“सगळ्यांचे नसतात.”

खरंच होतं म्हणा. आमची सगळी छतं वरून आणि समोरून दिसायला केलेली असतात. वर ड्रोन फिरतो, समोर कॅमेरा असतो. कापडाची सुलटी बाजू आभाळाकडे, उलटी माणसांकडे. ताईच्या डोक्यात त्या दिवसापासून भुंगा शिरला. एक छत असं करायचं, की ज्याची सुलटी बाजू खाली असेल. वरून काही का दिसेना. खाली उभं राहून मान वर केली की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी हे आपल्यासाठी केलंय.

तिने व्हिजनरावांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, पुन्हा मान डोलली. पालथ्या घड्यावर पाणी. “ताई, कन्सेप्ट सुंदर आहे, पण फोटोत काय येणार?” हा त्यांचा प्रश्न. मला तर वाटायचं, यांचं लग्नसुद्धा फोटो चांगला यावा म्हणून झालं असणार. शेवटी एकदा टोकाच्या झाडांजवळचं छोटं स्टेज करणारा कुणी कलाकार ऐन वेळी पळाला आणि व्हिजनराव घामाघूम होऊन शेडमध्ये आले. अडला हरी. ताई म्हणाली, “करते. पण माझं.”

तिने गच्ची केली.

लहानपणी आम्ही चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत राहायचो. गच्चीवर सगळ्यांचे कपडे वाळत. उन्हाळ्यात खोलीत जीव घुसमटला की आम्ही दोघी त्या ओल्या कपड्यांच्या खाली पाठीवर पडून राहायचो. चादरींची पोटं फुगायची, शर्टांचे हात हलायचे, कुणाच्या तरी विजारीतून पाणी टपकून बरोबर माझ्या डोळ्यात पडायचं आणि ताई हसून हसून लोळायची. तेच तिने शिवलं. निळ्या कापडावर दोऱ्या, दोऱ्यांवर खरेखुरे कपडे, खालून दिसतात तसे. फ्रॉकचा घेर आतून, बाह्यांची भोकं, चादरीची सावली, चिमटे, आणि वरून जाणाऱ्या कबुतराचं पोट आणि पाय. जुने कपडे तिने साऱ्या ओळखीपाळखीतून गोळा केले. भावोजींचा एक चांगला शर्टही गेला त्यात. त्यांनी फक्त कपाटाचं दार जरा जोरात लावलं.

मी तिच्याबरोबर रांगत होते म्हणून सांगते, इतक्या मनापासून काम करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शिव्या देत करायची, पण गुणगुणायचीही. एरवी ती गात नाही आणि ते किती बरं आहे, हे तेव्हा कळलं. मला म्हणाली, “या खेपेला मी जाणार. तिकीट काढून जाणार. खाली उभी राहणार, मान वर करणाऱ्यांची तोंडं बघणार.” मी म्हटलं, “आणि घरात शिरायची पावती?” तर मला चिमटा फेकून मारला.

आता आमच्या शेडची एक रीत सांगायला हवी. दोरवाले कागद वाचत नाहीत. वारा असतो, हात गुंतलेले असतात, कागद कुठे बघणार? म्हणून छताच्या पहिल्या कडीपाशी ताई लाल दोऱ्याचा जाड टाका घालते. लाल दोरा ज्या बाजूला, ती बाजू वर. रीत तिचीच. आजवर या टाक्याने कधी दगा दिला नाही.

तुमच्या लक्षात आलंच असेल. काम संपलं, ताईने छत सुलटं पसरवलं, पहिल्या कडीपाशी बसली, आणि हाताने आयुष्यभर केलं तेच केलं. सुलट्या बाजूला लाल दोरा.

दरवाजे उघडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बारीकसारीक दुरुस्तीसाठी मैदानावर गेलो. मगर उभी होती, जहाज उभं होतं. ताई कुणाकडे बघेना, तडक झाडांकडे. मी मागे धावतेय. ती छताखाली गेली, मान वर केली, आणि तशीच राहिली. मीही वर पाहिलं. निळ्या कापडाची फिकट पाठ. टाक्यांच्या गाठी. खडूचे आकडे. कपडे सगळे वर, आभाळाला दाखवलेले.

दोरवाल्यांचा मुख्य तिथेच दोर गुंडाळत होता. ताई त्याच्या अंगावरच गेली.

“हे कुणी टांगलं? आंधळे आहात का सगळे?”

“काय झालं, ताई?”

“उलटं टांगलंय! उलटं!”

तो बिचारा शिडी चढला, कडी पाहून खाली आला. “लाल दोरा वर आहे, ताई. तुमचीच खूण.”

ताई स्वतः शिडीवर चढली. ते करकरणारे गुडघे घेऊन. वर जाऊन तिने तो दोरा पाहिला आणि बराच वेळ खाली उतरली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलणार? कुणाचं तरी चुकलं असतं तर मी त्याचा उद्धार करून मोकळी झाले असते. मला तेही सुख मिळालं नाही.

मग सुरू झाली विनवणी. मी माझ्या बहिणीला कुणापुढे विनवताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायचं नाही. दोरवाला म्हणाला, उतरवायचं तर खालचे दिवे काढावे लागतील, स्पीकरचे खांब हलवावे लागतील, आणि तपासणीवाले शिक्का मारून गेलेत, ते पुन्हा यायचे नाहीत. “माझ्या हातात असतं तर केलं असतं, ताई.” तो खोटं बोलत नव्हता. व्हिजनराव आले. आले ते हातातल्या स्क्रीनवर ड्रोनचं चित्र बघतच.

“ताई, कमाल! वरून काय दिसतंय हे! मी म्हटलं नव्हतं का, तुमच्यात ती गोष्ट आहे?”

“ते वरून दिसायचं नव्हतं,” ताई म्हणाली.

“मग तर आणखीनच छान. चुकूनच अशा गोष्टी घडतात!” असं म्हणून ते पुढच्या स्टेजकडे गेले. उंटावरचा शहाणा तरी निदान उंटावर असतो, हा तर त्याच्याही वर, ड्रोनवर.

संध्याकाळी रखवालदाराने आम्हाला बाहेर काढलं. ताईने तिकीट काढलं नाही. मी म्हटलं, “चल की, जाऊ. झालं ते झालं.” म्हणाली, “पाठ बघायला?” तीन दिवस ती शेडमध्ये दुसऱ्याच कुणाचा तंबू शिवत बसली. कुणी काही विचारलं की अंगावर धावून यायची. भावोजींना म्हणाली, “तुमचा शर्ट फुकट गेला.” ते म्हणाले, “असू दे, तो तसाही मला घट्ट व्हायचा.” त्यांना वाटलं, ती हसेल.

दुसऱ्याच दिवशी गच्चीचा फोटो सगळीकडे पसरला. हिरव्या मैदानावर कुणीतरी आभाळच वाळत घातलंय असा. खरंच सुंदर होता, मी खोटं कशाला बोलू. व्हिजनरावांचा फोन आला. पुढच्या वर्षी मगरीच्या जागी हेच, पाचपट मोठं, आणि अर्थातच असंच, सुलटं वर. ताईने ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर तिने तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवला.

“काय शोधतेयस?”

“माणसं.”

“ती खाली आहेत, ताई.”

“हो ना,” ती म्हणाली. “सगळ्या जगाने बघितलं. खाली होते तेवढे सोडून.”

तिसऱ्या दिवसानंतर आम्ही सोडवायला गेलो. सकाळची वेळ, गवत तुडवून तुडवून मेलेलं, सगळीकडे पेले आणि एकेकटे बूट. दोरवाल्यांनी गच्ची खाली उतरवली. घडी घालायची तर कापड आधी पालथं करावं लागतं, म्हणून सगळे कडेने उभे राहिले, उचललं आणि उलटलं. हवेत असतानाच ताई ओरडली, “थांबा! तसंच धरा!”

आणि वाकून खाली शिरली. मग काय, मीही शिरले.

दवाने कापड जड झालं होतं. कडेच्या माणसांनी हात छातीपर्यंत उचलले होते, पण मध्ये ते पोट काढून खाली लोंबत होतं. ताई त्या मेलेल्या गवतावर पाठीवर झोपली. मी तिच्या शेजारी. गच्ची आमच्या नाकाला टेकली. बाहेरून दोरवाला म्हणाला, “ताई, लवकर करा, हात भरून आले.” ती मान या बाजूला वळवे, त्या बाजूला वळवे. हाताने कापड वर लोटून पाहिलं, ते पुन्हा तोंडावर आलं. तिच्या चेहऱ्यापाशी कुणाच्यातरी जुन्या सदऱ्याची बाही होती, माझ्यापाशी नुसतं निळं.

“दिसतंय का तुला काही?” तिने विचारलं.

मला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण ती माझी ताई आहे, तिला लगेच कळलं असतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मलाही नाही.” तिने दोन्ही मुठींनी ते कापड पकडलं आणि लहान मूल रडतं तशी ती रडली. मी तिचा हात धरला, तिने तो झिडकारला, मग स्वतःच परत धरला.

बाहेरून पुन्हा हाक आली. ताईने बाहीनेच तोंड पुसलं. स्वतःच्या की छताच्या, ते मला अंधारात कळलं नाही.

“सोडा,” ती ओरडली. “घडी घालायचीय.”