आप्पांच्या गाडीतल्या लाल वायरी

आप्पांना झटका आला तेव्हा मी सणसवाडीच्या एका कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तपासायचं काम करत होते. आई वारलेली, बहीण सासरी. मी रजा टाकून केडगावजवळच्या आमच्या वस्तीवर आले आणि अडकले. रजा संपली, वाढवली, पुन्हा संपत आली.

आप्पांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, "न्हाई". पाणी हवं असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई, सुरावरून ओळखायचं. घरात आम्ही दोघंच. कधी कधी मी गोठ्यात जाऊन म्हशीशी मोठ्यानं बोलायचे, आपला आवाज जागेवर आहे ना ते बघायला.

दुपार झाली की आप्पा डाव्या हातानं शेडकडे दाखवायचे. तिथं त्यांची जुनी अॅम्बॅसिडर उभी होती. कसंबसं उचलून पुढच्या डाव्या सीटवर बसवलं की शांत व्हायचे. पण गाडी चालू होत नव्हती. शिरूरला व्यायामाच्या डॉक्टरांकडे जायचं तर कुणाची तरी गाडी मागायची आणि त्याची सवड होईपर्यंत उंबऱ्यात बसून राहायचं. एक मेकॅनिक आला, डॅशबोर्डखाली डोकावला आणि म्हणाला, "ताई, ह्यात हात घातला तर मीच अडकन. भंगारात द्या."

त्याचंही खरं होतं. आप्पांनी आयुष्यभर हौसेनं त्या गाडीत काय काय बसवलं होतं: पंखा, टेप, दोन भोंगे, मागं घेताना वाजणारी आरती. आणि सगळं एकाच लाल वायरीनं, विहिरीच्या मोटारीसाठी आणलेल्या भेंडोळ्यातल्या. आमच्या कारखान्यात प्रत्येक वायरीला रंग असतो, नंबर असतो. इथं नुसता लाल गुंता, उंदरांनी मधेमधे कुरतडलेला.

मग मीच बसले. दुपारी आप्पांना सीटवर बसवायचं, स्वतः ड्रायव्हरच्या बाजूला पायाच्या जागेत उताणं शिरायचं आणि एकेक वायर ओढून विचारायचं.

"आप्पा, ही पंख्याची का?"

"न्हाई."

"मंग भोंग्याची?"

"न्हाई." हा सूर जरा खाली यायचा. म्हणजे व्हय.

तिथं पडल्यावर स्टिअरिंगचा दांडा तोंडावर यायचा, मान वळत नसे. तरी दिवसातला तेवढाच वेळ मला कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटे.

एकदा टेपची वायर तोडली आणि तपासायला बॅटरी जोडून पुन्हा आत शिरले. तेवढ्यात आप्पा ओरडायला लागले, "न्हाई! न्हाई!" मला वाटलं, टेप काढला म्हणून रागावले. मी पण चिडले. "राहू द्या आता तुमचा टेप! मी इथं काय हौसेनं पडलीय व्हय?" ते ओरडतच राहिले. मग जळका वास आला. माझ्या डोक्यामागं, मला दिसत नव्हती तिथं, एक उघडी वायर पत्र्याला चिकटली होती. फ्यूजच्या जागी आप्पांनी कधीतरी जाड तांब्याची तार ठोकून दिलेली, ती काही वितळेना आणि वीज तुटेना. लाल प्लास्टिक धुमसायला लागलं. मी बाहेर सरकायला गेले तर ओढणी पेडलमध्ये अडकलेली. जेवढी ओढावी तेवढा गळा आवळत होता.

आप्पा डावीकडे कलले. धडपडत, स्वतःच्या सीटखाली हात घातला. खट्ट आवाज झाला आणि धूर हळूहळू विरला. चोरीच्या भीतीनं त्यांनी तिथं बॅटरी तोडणारं चोरबटण बसवलं होतं. मला ते माहीतच नव्हतं.

ओढणी फाडून मी बाहेर आले. ते सीटवर आडवे पडले होते, उठता येत नव्हतं. मी त्यांना सरळ बसवलं. ते रडत होते. "तुम्ही मला सांगत हुता आन् मी भांडत हुते," मी म्हटलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, भाजलंय का ते चाचपत राहिले.

नंतर मी विचारणं सोडलं. सगळ्या लाल वायरी उपटल्या आणि दिवे, भोंगा आणि स्टार्टर एवढंच नवीन वायरीनं, रंग पाळून, खरे फ्यूज घालून केलं. चोरबटण ठेवलं. आरती गेली तेव्हा आप्पांनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

गाडी चालू झाली. मी त्यांना घेऊन चौफुल्यावरून शिरूरला निघाले. पारगावच्या पुलावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि भीमेकडे बघत राहिले. मला मात्र वाटत होतं, हा रस्ता असाच पुढं सणसवाडीला नेता आला तर.

दवाखान्याच्या आवारात कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. "येताय का, का दुसरी मुलगी बघू?"

समोर दवाखान्यातले दोघं आप्पांना धरून पायरी चढवत होते. त्यांचा पाय उचलत नव्हता.

"बघा दुसरी, सर," मी म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि आप्पांचा पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायला गेले.